पाणी 6 टक्के

आज सकाळी डेअरीत माझ्या दुधाची पावती निघाली: फॅट 5.4, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 8.4, पाणी 6 टक्के. म्हशीच्या दुधाला हे आकडे कमीच, म्हणजे दर तर पडलाच, शिवाय चोरीचा शिक्का बसला. पावतीवरची वरची ओळ कन्नडमध्ये असते, आकडे मात्र कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात सगळ्यांनाच वाचता येतात. आणि रांगेत अप्पा होते.

अप्पांकडे जनावर नाही. साधी कोंबडीसुद्धा नाही, वास येतो म्हणे. चहापुरतं अर्धा लिटर न्यायला येतात आणि शटर खाली येईपर्यंत हलत नाहीत. त्यांचं खरं काम दुसऱ्यांच्या पावत्या वाचणं. चष्मा कपाळावर सारून, हात लांब करून, स्टँडवर गाडी पुकारावी तसं ते वाचतात.

"फॅट पाच पॉइंट चार! पाणी सहा!" मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल एवढाच ठेवून, "पावसाचं पडलं असंल की रे किटलीत. झाकण लावत न्हाईस काय?"

"लावलंय अप्पा."

"मग म्हशीनं जास्त पाणी पिलं असंल."

"पिलेलं पाणी दुधात असं उतरत नाही."

"मग कुठं जातंय ते?"

"अप्पा, गोठ्यात या. दाखवतो कुठं जातंय."

रांग हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या आज्ज्याच्या दुधात काडी उभी ऱ्हायची बघ."

आज्जा म्हशी पाळायचा की सिमेंट विकायचा, हे मी ओठांतच ठेवलं.

"आता लाजू नकोस. सगळेच घालत्यात. मापात घालावं, एवढंच."

इथं माझं डोकं फिरलं. आरोप केला असता तर भांडता आलं असतं. पण त्या माणसानं चारचौघांत मला माफ केलं! वर निघताना म्हणतो, "काळी म्हैस व्यायला झालीय न्हवं? पहिल्या दिवसाचा चीक ठेव हं माझ्यासाठी. खरवसाला तुझ्याच घरचा लागतोय." म्हणजे दूध चोराचं, पण चीक सोन्याचा.

आता दूध तपासणाऱ्या मशीनचं. दूध गरम आणि फेसाळ असलं, आत हवेचे बुडबुडे असले, की ते मशीन बिथरतं. फेस बसू द्या, नीट ढवळून नमुना घ्या, असं मी डेअरीवाल्याला म्हटलं होतं. "मशीन खोटं बोलत नाही," असं उत्तर मिळालं. फॅटचं म्हणाल तर तिथं घरचाच भेदी आहे. धारेतलं पहिलं दूध पातळ, शेवटचं दाट. आणि आमच्या सौभाग्यवती ते शेवटचं दूध रेडकाला सोडतात. कितीदा सांगितलं. "त्याच्या आईचं हाय, तुझ्या डेअरीचं न्हाई," म्हणते. यावर काय बोलणार?

तसं ते रेडकू बघायला मीही उभा राहतोच. कासेला धडक मारतं, शेपटी वळवतं आणि तोंड बाहेर काढतं तेव्हा हनुवटीवरच्या लवेला फेस चिकटलेला असतो. आई त्याची धारवाडी जातीची, खांद्यापर्यंत मागं गेलेली शिंगं, दूध मुऱ्हा जातीच्या म्हशीपेक्षा कमी, पण माझी स्कूटर वळणावर आली की ओरडते. दुसऱ्या कुणाच्या स्कूटरला ओरडत नाही. हा पगार कुठल्या पावतीवर येत नाही आणि त्यातून पेंडवाल्याची उधारीही फिटत नाही.

म्हशीचा जमाखर्च असा: माजावर येते 21 दिवसांनी, आणि उन्हाळ्यात बहुतेकदा मुका माज, म्हणजे ना हंबरणं, ना काही, कळेपर्यंत वेळ गेलेली. कृत्रिम रेतनाची कांडी भरायला माणूस येईपर्यंत तिचा विचार बदललेला. धरलं तर पुढं दहा महिने, न धरलं तर फुकटचा चारा. कांडीत काय होतं, हे कोण तपासतं? सरकारचं लिटरमागचं अनुदान धरलं तरी पिंजर, पेंड, औषध जाऊन हातात राहतं ते शेण. ते मात्र भरपूर.

माझ्या दुधाचा थेंब न् थेंब रोज दोन वेळा मशीनखाली. बेळगावात दुधाचा कुंदा खाणाऱ्यालाही ही तपासणी चालते, मलाही चालेल. पण मला विकतात त्याला मशीन कुठाय? परवा रात्री सरकी पेंड भिजत घातली, सकाळी बादलीच्या तळाला बोटभर वाळू. पोत्यावर प्रोटीनचा आकडा ठसठशीत छापलेला. घेऊन गेलो दुकानात, बादलीसकट. दुकानदार म्हणाला, फोडलेलं पोतं परत घेत नाही. न फोडता आतली वाळू कशी दिसायची, असं विचारलं.

"पुढचं गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाला.