पृथ्वी तापली की पिकं वाढतील, हे कितपत खरं?

"पृथ्वी तापली तर बिघडलं कुठे? कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्नच आहे. उष्णता वाढली की पाऊसही वाढेल. वर कॅनडा-सैबेरियाची गोठलेली जमीन पिकाखाली येईल." असा मजकूर हातोहात फिरतोय. त्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो चटकन पटतो आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात करू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या पुढे गेलाय. गहू, भात, सोयाबीन यांना त्याचा फायदा होतो, हे मान्य. पण मका, ज्वारी, ऊस ही पिकं पानात कार्बन आधीच एकवटून घेतात. हवेत तो आणखी वाढल्याने त्यांची पाण्याची थोडी बचत होते, एवढंच. शिवाय उघड्या शेतात जादा कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या प्रयोगांत गहू-भाताच्या दाण्यातलं जस्त, लोह आणि प्रथिनं घटलेली आढळली. पोतं भरतं, पण दाण्याचा कस उतरतो.

आता उष्णता. भाताची लोंबी निसवली की तिच्यातलं एकेक फूल दिवस वर आल्यावर साधारण तासाभरासाठी उघडतं. तेवढ्या वेळात परागकोश फुटून पराग खाली पडायला हवेत. नेमक्या त्याच वेळी पारा ३५ अंशांच्या वर असेल, तर परागकोश नीट फुटत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. नंतर कितीही पाणी द्या, खत द्या, तो भरत नाही. वर्षाच्या सरासरी तापमानावरून पिकाचा अंदाज बांधणाऱ्याला हा तास दिसतच नाही.

पावसाचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे खरं. पण ते बाष्प कुठे पडणार हे वारे ठरवतात. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा दोन्ही गोलार्धांत ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती तापते, कोरडी होते. सहारा आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट याच पट्ट्यात आहेत. १९७९ नंतरच्या उपग्रह-नोंदींवरून हा पट्टा ध्रुवांकडे सरकताना दिसतो. भूमध्य समुद्राभोवतीचा गहू हिवाळी पावसावर येतो, आणि तो प्रदेश या पट्ट्याला लागूनच आहे. जगाचा एकूण पाऊस वाढला, तरी तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला तो येईल असं नाही.

२०१० चा उन्हाळा आठवा. जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, अडखळला आणि रशियावर उष्ण हवा कित्येक आठवडे ठाण मांडून बसली. गहू करपला, ऑगस्टमध्ये रशियाने गव्हाची निर्यात बंद केली. त्याच दिवसांत पाकिस्तानात महापूर होता. जेट प्रवाह तापमानवाढीमुळेच जास्त अडखळतो का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तो अडखळला की आधीच तापलेल्या हवेत उष्णतेची लाट अधिक भाजते आणि पाऊस अधिक कोसळतो, यावर मात्र नाहीत.

राहिली उत्तरेची जमीन. कॅनडाच्या मोठ्या भागावरची माती हिमयुगातल्या बर्फाने खरवडून नेलीय, खाली उघडा खडक आहे. सैबेरियात बऱ्याच ठिकाणी माती आम्ल आणि निकस. गोठलेली जमीन वितळली की ती जागोजागी खचते. ऊब काही वर्षांत येईल, पण पिकाऊ माती तयार व्हायला शतकं लागतात.

थंडी कमी झाली म्हणजे हंगाम लांबला, असंही सरळ नसतं. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये उन्हाळ्यासारखी ऊब आली आणि चेरीच्या कळ्या कित्येक आठवडे आधीच फुगल्या. एप्रिलमध्ये नेहमीसारखं हिमतुषार पडलं, तेव्हा त्या नाजूक अवस्थेत होत्या. आंबट चेरीचं सुमारे ९० टक्के पीक त्या वर्षी हातचं गेलं.