लाकडाच्या भुशातला ‘प्राचीन’ राकू

भट्टीतले लालबुंद भांडे सांडशीने उचलायचे, भुशाने भरलेल्या पिंपात टाकायचे, ज्वाळा उसळल्या की झाकण लावायचे आणि काळ्या तड्यांचे, तांब्यासारखे चमकणारे भांडे बाहेर काढायचे. अशा चित्रफितींखाली ‘ही जपानची चारशे वर्षांपूर्वीची राकू पद्धत, तिथले चहाचे वाडगे असेच घडतात आणि त्यांचे रूप सर्वस्वी अग्नी ठरवतो’ असा मजकूर सर्रास फिरत असतो. यात जपानचे आहे ते एवढेच, की भांडे तापलेले असतानाच भट्टीबाहेर येते.

भुशाचा जन्म अमेरिकेतला. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात कुंभार पॉल सोल्डनर यांनी, ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या पुस्तकातील राकूच्या वर्णनावरून प्रयोग करताना, तापलेले भांडे झाडाच्या पानांत घोळवले. त्यातून पुढे भुसा आणि कागद आले आणि हे सारे राकू याच नावाने जगभर गेले. पद्धत देखणी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्या अंगावर चारशे वर्षे चढवू नयेत, इतकेच.

क्योतोच्या राकू घराण्याची रीत निराळी आहे. सोळाव्या शतकात या घराण्याचे मूळ पुरुष, कुंभार चोजिरो यांनी चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या अभिरुचीला अनुसरून हे वाडगे घडवले आणि त्यांची परंपरा आजही चालू आहे. वाडगा चाकावर चढतच नाही. मातीच्या चकतीच्या कडा तळव्यांनी हळूहळू उभ्या केल्या जातात आणि माती आवळली की पात्याने आतून-बाहेरून खरवडून भिंतीची जाडी साधली जाते. काळ्या राकूला कामो नदीतील लोहयुक्त दगड दळून केलेली झिलई (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) थरावर थर देऊन लावतात. त्याची भट्टी इतकी लहान, की एका खेपेला एकच वाडगा भाजला जातो: भोवती कोळसा, भात्याचा वारा आणि सुमारे 1200 अंश सेल्सिअस उष्णता. झिलई वितळली की वाडगा सांडशीने ओढून काढतात आणि तो उघड्या हवेत निवतो. तो गडद काळा रंग या झटपट निवण्याने येतो, धुराने नव्हे. अनेक काळ्या वाडग्यांच्या अंगावर सांडशीची खूण स्पष्ट दिसते.

उरला अग्नीचा मुद्दा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. जपानी सुलेखनकार आणि कुंभार होन्आमी कोएत्सु (1558–1637) यांचा ‘फुजिसान’ हा राष्ट्रीय ठेवा ठरलेला राकू वाडगा वर पांढरा आणि खाली काळपट आहे, आणि ती काळपट छटा भट्टीनेच दिलेली आहे. परंतु भिंतीची जाडी, झिलईचे थर आणि वाडगा ओढण्याची घटका माणूसच ठरवतो; ‘सर्वस्वी’ हा शब्द म्हणूनच टिकत नाही.

शिवाय, भुशात धुरावलेली ती चकचकीत भांडी सहसा सच्छिद्र असतात, पाणी पाझरते, आणि तांब्याच्या झिलईतून धातू उतरण्याची शक्यता असते. त्यामुळे ती चहासाठी न वापरता शोभेलाच ठेवावीत, असे ती घडवणारे कुंभारही सांगतात.