डेंग्यूत पाळी आली तर
नुकताच डेंग्यूवरचा एक लेख वाचला. डेंग्यूत हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं हे त्यात आलंय पण पाळीबद्दल एक वाक्य नाही, म्हणून लिहितेय. मागच्या पावसाळ्यात माझ्या जावेला डेंग्यू झाला, ताप उतरला म्हणून आम्ही सगळे निवांत आणि त्याच दिवशी तिची पाळी आली, आठ दिवस आधीच. तासाला एक पॅड भिजत होतं, गाठी पडत होत्या आणि घरात सासरे म्हणून ही रात्रभर गप्प! सकाळी बाथरूमच्या दाराशीच चक्कर येऊन खाली बसली, तपासणीत प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फक्त २२ हजार. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात हे तेव्हा कळलं. आणि बायांनो, पोट दुखतं म्हणून नेहमीची मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी डेंग्यूत घेऊ नका गं, रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांना विचारून.