फुगू : शेफ ‘थोडं विष’ ठेवत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ तिघांनी पाठवला. चेंडूसारखा टम्म फुगलेला मासा आणि खाली मजकूर : ‘जपानी लोक हा विषारी फुगू मुद्दाम खातात. शेफ त्यात थोडं विष राखून ठेवतो, ओठांना मुंग्या येतात तीच खरी मजा. दरवर्षी हॉटेलांत शेकडो मरतात. विषावर उतारा नाही, म्हणजे मरण ठरलेलं. बाकी नीट साफ करून उकळला तर आपल्याकडचा केंडही खाता येतो.’

मासा विषारी आहे, जपानी लोक तो खातात आणि उतारा नाही, एवढंच यातलं खरं. केंड हा फुगूचाच भाऊबंद, त्यामुळे शेवटचं वाक्य तर जीव घेईल असं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी मुंग्यांचं. टेट्रोडोटॉक्सिन हे विष नसांमधून जाणारा संदेशच अडवतं. ओठ आणि जीभ बधिर होणं ही मजा नव्हे, ती विषबाधेची पहिली खूण. पुढे हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. गिऱ्हाइकाला त्या वाटेवर नेणं हे शेफचं कौशल्य कसं असेल? फुगू कापायला परवाना लागतो. माशाची जात ओळखायची, विषारी अवयव एकेक करून वेगळे काढायचे, याची परीक्षा असते. काढलेले अवयव कुलूपबंद डब्यात ठेवून मगच त्यांची विल्हेवाट लावतात.

या गोष्टीला मूळ मात्र आहे. फुगूचं यकृत हौसेने खाणारे लोक होते. बांदो मित्सुगोरो (आठवे) हे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले मोठे नट. १९७५च्या जानेवारीत क्योतोत त्यांनी यकृताच्या चार बश्या खाल्ल्या आणि त्यातच ते गेले. १९८३ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने यकृत देण्यावर देशभर बंदी घातली.

मग लोक खातात कशासाठी? ओसाकात राहत असताना एका हिवाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर मी खाल्लाय. निळ्या नक्षीच्या मोठ्या बशीत शेवंतीच्या पाकळ्यांसारखे काप मांडलेले, इतके पातळ की खालची नक्षी आरपार दिसत होती. फुगूचं मांस चिवट असतं, जाड काप चावतच बसावा लागेल, म्हणून इतकं पातळ कापतात. चव अगदी सौम्य. पोन्झू नावाच्या आंबट सॉसमध्ये बुडवून सावकाश चावायचं, त्यातच सगळा आनंद. नंतर उकळतं भांडं आलं, उरलेल्या रश्शात भात शिजला. शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला भरवत होत्या. जिवावर उदार झालेलं तिथे कुणी दिसलं नाही. त्या कापांचं नाव तेस्सा. त्यातला ‘ते’ बंदुकीच्या ‘तेप्पो’वरून आला, कारण लागली तर मेलात. फुगूसाठी प्रसिद्ध असलेल्या शिमोनोसेकी बंदराचे लोक मात्र या माशाला ‘फुकू’ म्हणतात, कारण तो शब्द सौभाग्यासारखा ऐकू येतो. सोळाव्या शतकात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने फुगू खाण्यावर घातलेली बंदी १८८८मध्ये यामागुची प्रांतात उठली तीही त्याच प्रांतातल्या या गावामुळे. पंतप्रधानपद भूषवलेल्या इतो हिरोबुमींना इथला फुगू आवडला होता.

हॉटेलांत शेकडो मरतात, हे साफ खोटं. अलीकडच्या दशकांत वर्षाला काही डझन लोकांना बाधा होते, मृत्यू एखाददुसरा किंवा मोजके. त्यांतले बहुतेक गळाने मासा धरून घरीच कापणारे. २०१८मध्ये आइची प्रांतातल्या गामागोरीत एका दुकानातून यकृतासकट फुगूची पाच पाकिटं विकली गेली, तेव्हा शहराने आपत्तीच्या भोंग्यांवरून लोकांना सावध केलं होतं.

‘मरण ठरलेलं’ हेही खोटं, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो. उतारा नसला तरी उपचार आहे. श्वास यंत्रावर चालू ठेवला, तर शरीर विष हळूहळू बाहेर टाकतं. पहिला दिवस निभावला की बहुतेक रुग्ण वाचतात. रुग्ण हलत-बोलत नसला तरी अनेकदा पूर्ण शुद्धीत असतो. तो गेला असं समजून हात टेकू नका.

आता केंड. मालवणकडच्या बंदरावर जाळ्यात केंड आला की खलाशी तो बाजूला फेकतात. तो जाळी कुरतडतो म्हणून शिव्याही खातो. फेकतात ते बरोबर करतात. उकळून, तळून हे विष जात नाही. ते यकृतात आणि अंडाशयात सर्वाधिक असतं, म्हणजे ज्या गाबोळीवर आपण जीव टाकतो, तीच इथे सर्वांत वाईट. काही जातींचं मांससुद्धा विषारी असतं. २००८मध्ये बांगलादेशात असे मासे घरी शिजवून खाल्ल्याने तीन प्रसंगांत मिळून १४१ जणांना बाधा झाली, १७ दगावले.

कुणी चुकून खाल्लाच आणि ओठांना मुंग्या आल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. व्हेंटिलेटर असलेलं जवळचं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, केंड खाल्लाय.