त्या गोळीचं नाव काय होतं?

काल संध्याकाळी दुकानात एक अक्का आल्या. कारखान्यात विड्या देऊन तशाच आलेल्या, काखेत टोपली. पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. "ह्यातल्या तीन द्या. मागं ह्याच्यानंच ताप गेलता." स्ट्रिप सेफिक्झिमची, म्हणजे जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकची, दोनशे मिलिग्रॅमची. कुणाला पाहिजेत विचारलं, तर नातवाला. नातू नऊ वर्षांचा आणि गोळ्या दोन वर्षांपूर्वी त्याच्या बापाला दिलेल्या. चिठ्ठी नाही. मी दिल्या नाहीत. अक्का रागावून गेल्या. दुसरीकडे कुठेतरी मिळतील हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

अशोक चौकाच्या बाजूला मी एकोणीस वर्षं मेडिकलमध्ये उभी आहे. चादर घेताना सूत कुठलं, वीण कशी, हे बोटांनी चाचपून सांगणारी आपली सोलापूरची माणसं. पण "आधी कुठली गोळी घेतली होती?" असं विचारलं की उत्तर येतं, "ती पांढरी, लांबट." माझ्या घरीही असंच होतं आणि ते आम्हाला फार महागात पडणार होतं.

आई लहान असताना घशासाठी दिलेल्या कुठल्याशा इंजेक्शननं तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं, तोंड सुजलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ, पण इंजेक्शनचं नाव कुणालाच माहीत नाही. २०१७ मध्ये तिला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात भरती केलं. सलाईनमधून सेफ्ट्रायक्झोन, म्हणजे सेफिक्झिमच्याच जातीचं औषध, सुरू झालं आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टर खोलीतच होते. त्यांनी लगेच औषध थांबवून मांडीत अॅड्रेनलिन दिलं, म्हणून आई आज आहे. "आधी कधी औषधाचा त्रास झाला होता का?" असं भरती करताना विचारलं होतं आणि मी 'नाही' म्हणाले होते. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट काय सांगायची, असं वाटलं. मी, जी रोज औषधं विकते!

लहानपणीचं ते इंजेक्शन पेनिसिलीन होतं का, हे आता कधीच कळणार नाही. पण शक्यता ध्यानात घ्यायला हवी होती. अमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घरातलंच, सेफालोस्पोरिन हे चुलत घर; सेफिक्झिम, सेफ्ट्रायक्झोन त्यातलीच. पेनिसिलीनची अॅलर्जी असलेल्या शंभरातल्या दहांना सेफालोस्पोरिनही बाधतं, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं. पुढच्या अभ्यासांत तो आकडा दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघाला. म्हणजे घाबरून औषध नाकारायचं कारण नाही. पण आधी श्वास लागला असेल, तोंड सुजलं असेल, बीपी पडला असेल, तर ते डॉक्टरांना आधी कळलंच पाहिजे, मग ते दुसरं औषध निवडू शकतात. आणि 'टेस्ट डोस घेतला, काही झालं नाही' म्हणजे धोका टळला, असंही नाही.

सेफिक्झिम दिलं की मी रजिस्टर काढते, तेव्हा गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "माझं नाव कशाला लिहिता?" १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रायक्झोनसारखी तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिनं 'शेड्यूल एच-वन' या सरकारी यादीत येतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची, ती वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो. तुमच्यावर पाळत ठेवण्यासाठी हे नाही. ही औषधं जंतूंपुढे बोथट होऊ नयेत म्हणून आहे.

आणि ती बोथट होतायत. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, तिथल्या हैदराबादेत, २०१६ मध्ये टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की तिच्यावर सेफ्ट्रायक्झोन चालेना. मला हे फार लागतं, कारण या घरातल्या औषधांचा जन्मच टायफॉइडच्या काळजीतून झाला. १९४५ मध्ये इटलीत, सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात, ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाच्या डॉक्टरांना समुद्रात सांडपाणी मिळतं त्या जागी एक बुरशी सापडली. तिचा अर्क टायफॉइडच्या जंतूंना मारत होता. पुढे ऑक्सफर्डच्या लोकांनी त्यातून सेफालोस्पोरिन वेगळं काढलं.

आपल्याकडे नळाचं पाणी पिंपात साठवून प्यायची सवय. टायफॉइड इथे परका नाही. त्यात एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही: बरोबर औषध चालू असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. लोक तिसऱ्या दिवशी म्हणतात "गुण नाही" आणि डॉक्टर बदलतात. दुसरे डॉक्टर विचारतात काय चालू होतं, तर "पांढरी, लांबट". मग तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं पुन्हा सुरू होतं, किंवा गरज नसताना आणखी भारी सुई. ताप डेंग्यूचा किंवा साध्या सर्दी-फ्लूचा असेल तर हे सगळंच वाया, कारण विषाणूवर सेफालोस्पोरिन काहीच करत नाही. उलट ताप त्याच्या त्याच्या वेळेनं गेला की श्रेय गोळीला मिळतं. अक्कांची स्ट्रिप अशीच गाठीत गेली असणार.

नाव माहीत असलं की पुढचे प्रश्न आपोआप विचारता येतात. सेफ्युरोक्झिमची, सेफपोडॉक्झिमची गोळी जेवणासोबत घेतली तर अंगी जास्त लागते. सेफपोडॉक्झिमबरोबर अॅसिडिटीचं औषध घेतलं तर असर कमी होतो. किडनीचा त्रास असेल तर यातल्या बऱ्याच औषधांचा डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट घरी ठेवून येऊ नका. लहान मुलांच्या सिरपच्या पावडरीत पिंपातलं पाणी नको. उकळून गार केलेलं घाला, बाटलीवरच्या खुणेपर्यंतच, आणि लिहिलेले दिवस झाले की उरलेलं टाका. पाण्यासारखे जुलाब वारंवार झाले किंवा रक्त पडलं, तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गोळ्या किती दिवस, हे चिठ्ठीवरूनच. बरं वाटलं म्हणून मधेच बंद नको आणि राहिल्यात म्हणून जास्तही नको.

डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे: चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहा आणि पेशंटला एकदा तोंडानं सांगा. ओपीडीत गर्दी किती असते ते मी बघते. तरी सांगा.

आईच्या पिशवीत आता आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिठ्ठी आहे. मोठ्या अक्षरात 'सेफ्ट्रायक्झोन चालत नाही', खाली तारीख. आई चौथी शिकलेली. दात दाखवायला गेली तरी आधी ती चिठ्ठी वाचून दाखवते, मग तोंड उघडते.

अक्कांची गल्ली मला माहीत आहे. उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन नातवाचा ताप विचारून येणार आहे. अजून असेल तर दोघांना घेऊन सिव्हिलला जाईन.