ते आडवे, आम्ही उभे

परदेशात बघण्यासारखं जे जे असतं त्यातलं निम्मं पायऱ्या चढून वर असतं आणि निम्मं पायऱ्या उतरून खाली. जमिनीच्या पातळीवर असते ती फक्त तिकीटखिडकी. माझ्या गुडघ्यांनी हे रोममध्ये पाऊल ठेवल्याबरोबर ओळखलं होतं. स्पॅनिश स्टेप्स या जगप्रसिद्ध पायऱ्यांवर जाऊन निवांत टेकावं, एवढीच त्यांची माफक मागणी होती. तिथे गेलो तर शिट्टी वाजली. २०१९पासून त्या पायऱ्यांवर बसायला मनाई आहे आणि बसलात तर ४०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्या पैशात आमच्याकडे एक बरा सोफा येतो.

अशा मनःस्थितीत असताना म्युनिकच्या लेकीने आम्हाला एक सहल भेट दिली. ‘बाबा, कोलोसियम काय सगळेच बघतात. तुम्ही एट्रुस्कन बघा.’ आमची ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे तिचा चेहरा असा उजळला की मला गुडघ्यांची बाजू मांडायला जागाच उरली नाही. ‘अहो, रोमन लोकांना राज्य करायला ज्यांनी शिकवलं ते हे लोक,’ ती म्हणाली. इटलीतल्या आर्नो आणि टायबर या नद्यांच्या मधल्या मुलखात ते राहायचे. रोमचे शेवटचे राजे, तार्क्विन, त्यांच्यातलेच. इ.स.पू. ५०९ मध्ये रोमन लोकांनी शेवटच्या तार्क्विनाला हाकलून दिलं आणि पुढे हळूहळू या लोकांची शहरंही घशात घातली. शहरं गेली, थडगी राहिली. म्हणजे एट्रुस्कन वारसा बघायचा तर मुख्यतः थडगी बघायची. हे लेकीने भेट देताना सांगितलं नव्हतं.

मिनीबसमध्ये आम्ही दोघं, एक डच जोडपं, कॅनडाच्या दोन बहिणी आणि एक उंच जर्मन गृहस्थ. गाईडबाई सडपातळ, हातात मिटलेली लाल छत्री आणि गळ्यात माइक. आम्हा प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं एक एक बोंड अडकवण्यात आलं. बाई शंभर पावलं पुढे गेल्या तरी आवाज कानात यावा, अशी ती सोय. सोय फार चांगली होती. बाईंचा श्वास कानात यायचा, बुटाखालची खडी कानात यायची, आणि बस कुठे लावायची यावरून ड्रायव्हरशी इटालियनमध्ये झालेलं कडाक्याचं भांडण तर आम्ही सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून आदराने ऐकलं. डच बाईंनी वहीत काहीतरी टिपूनही घेतलं. माणूस फार मागे पडला की कानात खरखर सुरू व्हायची. माझ्या कानात दिवसभर खरखरच होती.

पहिला मुक्काम चेर्वेतेरी. इथली बांदिताच्चा नावाची स्मशानभूमी तार्क्विनियाच्या स्मशानभूमीसह २००४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. स्मशानभूमी म्हणजे अक्षरशः नगरी आहे. रस्ते, चौक, एका ओळीत घरं, आणि गवताने माखलेले मोठाले गोल ढिगारे. ढिगाऱ्याच्या पोटात शिरलं की खोल्या. इथला दगड ज्वालामुखीचा, पण मऊ. त्यामुळे या लोकांनी छताची लाकडी तुळई, खांब, खिडक्या असं सगळं दगडातच कोरून ठेवलंय. आणि भिंतींना लागून पलंग. उशांसकट! दगडी उशा, मधोमध डोकं टेकायला खोलगट भाग. मी त्या उशीकडे ज्या नजरेने बघत होतो ती बघून हिने माझं कोपर धरलं. समोर दोरी लावली होती.

पुढचं थडगं ‘ढाली आणि खुर्च्या’ या नावाचं. कानात ‘खुर्च्या’ ऐकू आल्यावर मी कॅनेडियन बहिणींना ओलांडून पुढे गेलो. आत खरोखरच खुर्च्या होत्या. पाठीला गोलसर टेका असलेल्या, पाय ठेवायला खाली चौरंग असलेल्या, सहाव्या इसवीसनपूर्व शतकातल्या दोन अस्सल आरामखुर्च्या. त्याही दगडात कोरलेल्या आणि त्यांच्याही आड दोरी. अडीच हजार वर्षांत त्या खुर्चीवर बहुधा कुणी धड बसलेलं नाही. खुर्ची आहे, बसणारा तयार आहे, आणि तरी बसता येत नाही, ही अवस्था आपल्याकडे निवडणुकीनंतर आमदारांची होते.

एवढ्यात मागून ‘टक्’ असा आवाज आला. जर्मन गृहस्थांनी हातातली काठी उघडली होती. काठीच्या डोक्याला दोन पाखं होती, ती पसरून त्यांचं आसन झालं आणि त्यावर ते शांतपणे बसले. ‘बघा, लोक किती तयारीने येतात,’ ही म्हणाली.

इथे बाईंनी एक गंमत सांगितली. थडग्याच्या दाराबाहेर छोटे दगड ठेवलेले असतात. पुरुष असेल तर खांबासारखा, बाई असेल तर घरासारखा, वर छप्पर असलेला. कितीतरी थडग्यांत आतले पलंगही तसेच. पुरुषाच्या पलंगाला कोरलेले पाय, बाईच्या पलंगाला घराचा आकार. आपल्याकडे घर बायकोच्या नावावर घेतात ते मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून. इथे सवलत नसतानाही घेतलेलं होतं. हिने यावर लगेच हात वर केला. प्रत्येक ग्रुपमध्ये प्रश्न विचारणारं एक माणूस असतं आणि बाकीचे सगळे त्याला मनातल्या मनात शिव्या घालतात. या खेपेला ते माणूस माझंच होतं, त्यामुळे मला उघडपणे सुस्काराही टाकता येईना.

प्रश्न रास्त होता, उत्तर लांबलं. या लोकांत बायका पुरुषांच्या बरोबरीने मेजवानीला बसत. बसत कसल्या, लवंडत. एकाच पलंगावर, एकाच पांघरुणाखाली. थिओपोम्पस नावाच्या ग्रीक इतिहासकाराला हे इतकं झोंबलं की त्याने या बायका परक्या पुरुषांबरोबर जेवतात, दारू पितात आणि पिऊन पुरुषांना पुरून उरतात, असं लिहून ठेवलं. ग्रीसमध्ये मेजवानीला घरच्या बायकांना प्रवेशच नव्हता. म्हणजे थिओपोम्पसचं दुखणं कळण्यासारखं आहे. ‘त्याला कुणी बोलावलं नसेल,’ ही म्हणाली.

मग आलं ‘उठावशिल्पांचं थडगं’. उभ्या पायऱ्या उतरून काचेतून आत बघायचं. आणि इथे मात्र मी गुडघे विसरलो, हे कबूल केलं पाहिजे. सगळ्या खांबांवर, भिंतींवर चुन्यात उठावाने घरातलं सामान काढून रंगवलंय. दोरीचं वेटोळं, सुऱ्या, कुऱ्हाड, पळी, सुरई, ढाली, शिरस्त्राणं. एका पलंगाशी काढून ठेवलेल्या चपला. प्रत्येक पलंगावर जोडीने उशा. माटुना नावाच्या घराण्याने इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात हे करून घेतलं. राजेरजवाड्यांची थडगी सोन्याने भरलेली असतात. इथे फडताळ मांडलंय. सकाळी उठल्यावर हाताशी लागेल ते सगळं. ही काचेला नाक लावून एकेक भांडं बघत होती. एका कोनाड्यात पेटी आहे आणि तिच्यावर घडी घातलेलं कापड. ते कापड नसून पुस्तक आहे, बाई म्हणाल्या. हे लोक लिननच्या कापडावर लिहायचे. तसं एकच पुस्तक आज शिल्लक आहे, तेही इजिप्तमधल्या एका ममीला पट्ट्या म्हणून गुंडाळलेलं. ती ममी १८४८मध्ये एका क्रोएशियन गृहस्थाने विकत घेऊन घरात उभी करून ठेवली होती. आता ती झाग्रेबच्या संग्रहालयात आहे. म्हणजे मेल्यानंतरही ज्याला उभं राहावं लागलं असा माझ्याखेरीज एक तरी जीव निघाला.

त्या पुस्तकात काय लिहिलंय हे पूर्ण कळत मात्र नाही. एट्रुस्कन लिपी ग्रीकांकडून घेतलेली, त्यामुळे अक्षरन् अक्षर वाचता येतं. अर्थ जेमतेम लागतो. आमच्या सोसायटीच्या ऑडिट रिपोर्टसारखं. सम्राट क्लॉडियसने या लोकांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता. त्याची पहिली बायको एट्रुस्कन घराण्यातली. सासुरवाडीबद्दल एवढं लिहिण्याची हिंमत सम्राटालाच होणार. पण तो सगळा मजकूर हरवला. कसा हरवला, असं विचारायला हिने हात वर केला, तेव्हा डच गृहस्थ सरळ बसकडे चालू लागले.

तार्क्विनियाच्या वाटेवर कॉफीला थांबलो. काउंटरवर उभं राहून प्यायलात तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायलात तर जास्त. ही सरळ काउंटरला जाऊन उभी राहिली. हिशेबात ती इतिहासापेक्षाही पक्की आहे. मी कोपर टेकून प्यायलो.

तार्क्विनियाच्या मोंतेरोत्सी टेकाडावर सुमारे सहा हजार थडगी आहेत आणि त्यातली दोनेकशे रंगवलेली. माळरानावर छोट्या छोट्या कौलारू खोपट्या दिसतात. प्रत्येक खोपटीत एक जिना, जिन्याच्या तळाशी काचेचं दार आणि बाजूला एक बटण. बटण दाबलं की आतला दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. जिना एकेरी. पहिला माणूस चित्रं बघतो, दुसरा पहिल्याचं टक्कल बघतो, आणि तिसऱ्याची पाळी येते तेव्हा दिवा जातो. काचेवर आधीच्यांच्या उच्छ्वासाची वाफ. ती रुमालाने पुसायची, वाकून बटण दाबायचं, आणि डोळे चित्राला सरावतात न सरावतात तोच कानात बाईंचा आवाज, ‘आता आपण पुढच्या थडग्याकडे जाऊ.’ म्हणजे पुन्हा वर, मग पुन्हा खाली. त्या दिवशी मी इतके जिने चढलो-उतरलो की त्यात रायगड निघाला असता.

पण खाली जे आहे ते उतरण्याच्या लायकीचं आहे. ‘शिकार आणि मासेमारी’ नावाच्या थडग्यात एक पोरगा खडकावरून समुद्रात सूर मारतोय. वर पक्ष्यांचे थवे, खाली डॉल्फिन, नावेत बसलेली माणसं (तीसुद्धा बसलेली!), एक जण गोफणीने पाखरं टिपतोय. इ.स.पू. ५३०च्या आसपासचं चित्र आणि पोराचं अंग अजून हवेतच. ‘बिबट्यांच्या’ थडग्यात मेजवानी चाललीय. स्त्री-पुरुष जोडीने पलंगावर रेललेत, डावं कोपर गादीवर, नोकर सुरई घेऊन आलाय, एक जण जोडबासरी वाजवतोय. लाल, निळा, हिरवा रंग काल दिल्यासारखा. एका पुरुषाने हातात अंडं उंच धरलंय. अंडं हे पुनर्जन्माचं प्रतीक असं बाई समजावून सांगत होत्या. दुपारचे दोन वाजत आले होते. मला ते उकडलेलं दिसत होतं.

जेवण झालं. त्याबद्दल एवढंच सांगतो की खुर्ची होती.

पण जेवल्यावर झोप येते, आणि नेमकं जेवणानंतर गावातल्या पलाझ्झो व्हितेल्लेस्की या पंधराव्या शतकातल्या वाड्यात संग्रहालय. तळमजल्यावर ओळीने दगडी शवपेट्या आणि प्रत्येक झाकणावर मालक स्वतः कोपरावर रेललेले. पोट सुटलेलं, चेहरा तृप्त. ‘लठ्ठ एट्रुस्कन’ असा टोमणा कातुल्लस या रोमन कवीने मारलाय तो असूयेपोटीच असणार. लारिस पुलेनास नावाचे एक गृहस्थ तर हातात गुंडाळी उलगडून पडलेत आणि गुंडाळीवर त्यांचं घराणं, त्यांनी भूषवलेली पदं वगैरे मजकूर. मेल्यानंतरही बायोडेटा छातीशी! असे गृहस्थ मी सार्वजनिक सत्कारांत पाहिलेत, पण ते निदान उभे असतात.

हिने तेवढ्यात यकृताचा विषय काढला. हे लोक मेंढ्याच्या यकृतावरून देवाची इच्छा ओळखत. १८७७मध्ये पिआचेन्साजवळ नांगरताना यकृताची एक ब्राँझची प्रतिकृती सापडली. तिच्यावर खण पाडून एकेका देवाचं नाव कोरलंय. शिकाऊ भटजींची गाईडच ती, असं बरेच जण मानतात. आपण कलेजी कांद्यावर परततो, हे लोक ती वाचत. बाई रंगात आल्या होत्या. जर्मन गृहस्थांची काठी ‘टक्’ झाली. मी एका खांबाला अशा रीतीने टेकलो की लांबून रसग्रहण चालल्यासारखं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सहलीचा उरलेला भाग, रोममधलंच व्हिला जुलिया. पोप तिसऱ्या ज्युलियसने सोळाव्या शतकात बांधलेला हा बंगला, आता एट्रुस्कन संग्रहालय. दारातच न्याय झाला. जर्मन गृहस्थांची काठी सामानघरात जमा करायला लावली. मला फार वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

इथे ते सुप्रसिद्ध जोडपं आहे. भाजलेल्या मातीचं, जवळजवळ माणसाएवढं. १८८१मध्ये चेर्वेतेरीला चारेकशे तुकड्यांत सापडलं आणि सांधून उभं केलं. म्हणजे आडवं केलं. नवरा-बायको एकाच पलंगावर, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघं गालात हसताहेत. ती बहुधा त्याच्या तळव्यावर अत्तर ओतत होती. कुपी गेली, बोटं तशीच राहिली. हिने ती बोटं चारी बाजूंनी बघितली. मग म्हणाली, ‘नवरा बोलत नाहीये, ऐकतोय.’

मी ऐकत नव्हतो. कोपऱ्यात मला एक खुर्ची दिसली होती. खरी, लाकडी, दोरी नसलेली. तिच्यावर बसलेला म्हातारा पहारेकरी माझ्याकडे बघत होता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. उठला, हाताने खुर्ची दाखवली, ‘प्रेगो’ म्हणाला आणि बाहेर पाय मोकळे करायला गेला.

मी बसलो. पाच मिनिटांत एका बाईंनी मला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. मी आत्मविश्वासाने उजवीकडे हात केला. कुणीतरी फ्लॅश मारला, तेव्हा मी बोट हलवून ‘नो, नो’ म्हटलं आणि त्याने चक्क माफी मागितली. जर्मन गृहस्थ दोनदा समोरून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी मान किंचित लववली.

कानात खरखर सुरू झाली होती. थोड्या वेळाने ही शोधत आली.

‘अहो, इथे काय बसलात? चला, पुढच्या दालनात वेई शहरातला अपोलोचा पुतळा आहे. इतका देखणा आहे!’

‘काय करतोय तो?’

‘काय करतोय म्हणजे? चालतोय. पाऊल पुढे टाकलंय त्याने.’

‘मग चालू दे त्याला,’ मी म्हणालो. ‘मी ड्यूटीवर आहे.’