सहा वर्षं पंच मारतेय, तरी कागदावर मी 'कन्सल्टंट'

काल परत लेट मार्क लागला. ठाण्याहून निघालेली गाडी ऐरोलीच्या अलीकडे रखडली, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा मिळेपर्यंत पावणेदहा. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचे पैसे कापतात. जिचे लेट मार्क मोजता, जिला रजेचा अर्ज करायला लावता, जिच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड अडकवता, ती बाई 'कन्सल्टंट', म्हणजे नोकर नसलेली 'स्वतंत्र व्यावसायिक', कशी काय हो?

महापे एमआयडीसीत अकाउंट्सला आहे मी. लागले तेव्हा १४,५०० होते, आता २८,०००. दर महिन्याच्या २५ तारखेला माझं बिल एचआरच बनवून मला पाठवते. वर 'प्रोफेशनल फी', रक्कम त्यांनीच टाकलेली, तारीखही त्यांचीच. मी खाली सही करून परत द्यायची. १० टक्के टीडीएस जाऊन हातात २५,२००. पीएफ नाही, ग्रॅच्युइटीचं नाव नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी बाळंतपणाला गेली. कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा असते. तिला काय मिळालं? 'काँट्रॅक्ट संपलं' असा मेल. कुणी फोनसुद्धा केला नाही. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

म्हणून एक दिवसाचे पैसे बुडवून, तक्रारीचा अर्ज घेऊन सरकारी ऑफिस गाठलं. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "नियुक्तीपत्र आहे?" नाही. "सॅलरी स्लिप?" नाही. "मग तुम्ही तिथे कामाला आहात हे कशावरून?" अहो, हेच तर माझं गाऱ्हाणं आहे! तो कागद असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?

आणि पुरावा सरकारकडेच पडलाय की. माझं २६एएस, म्हणजे कुणी किती टीडीएस कापला त्याचा प्राप्तिकर खात्याकडचा तक्ता, उघडा. सहा वर्षं एकच कंपनी पैसे देतेय, टीडीएस कापतेय, दुसरं एक गिऱ्हाईक नाही. प्राप्तिकर खात्याला हे दिसतं, मग कामगारांसाठी बसवलेल्या खात्याला का दिसू नये?

कायदा नाही म्हणावं, तर तेही नाही. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच एका टेलरिंग दुकानाच्या खटल्यात सांगितलंय. तिथले कारागीर नगावर पैसे घ्यायचे, त्यांना यायची ठरलेली वेळ नव्हती, दुसरीकडचंही शिवायचे. तरी ते दुकानाचे नोकरच ठरले, कारण नापसंत काम परत करून घ्यायचा हक्क मालकाकडे होता. माझी एन्ट्री चुकली तर मलाही रात्री आठपर्यंत थांबवून परत करायला लावतात! पीएफची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. मागवा ना आमच्या पंच मशीनचा रेकॉर्ड. दहा मिनिटांचं काम आहे.

एकदा आमच्या ऑफिसात सरकारी तपासणी झाली होती. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज, 'उद्या सर्व कन्सल्टंटनी घरून काम करावे.' अकरा टेबलं दिवसभर रिकामी. ऑफिसबॉय सांगत होता, आमच्या पाण्याच्या बाटल्या, खुर्चीवरचे स्वेटर सगळं जागच्या जागी होतं. आलेल्या माणसाने चहा घेतला, रजिस्टर पाहिलं आणि गेला. ही टेबलं कुणाची, एवढं विचारायला काय झालं होतं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, नियुक्तीपत्र सक्तीचं झालं. मी लगेच एचआरकडे गेले. ती म्हणाली, "ते एम्प्लॉईजना ताई, तुम्ही कन्सल्टंट." झालं! ज्या पळवाटेने आम्हाला बाहेर ठेवलं, तीच पुढे करायची.

आणि त्याच संहितांमध्ये पीएफची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत घातलीय. मला लागून सहा झाली. १५,००० ची मर्यादा धरली तरी मालकाचा १२ टक्के वाटा आजवर सव्वा लाखाच्या वर जातो. पहिल्या वर्षाचा हातातून गेल्यात जमा, आणि आता दर महिन्याला आणखी एक महिना जातोय. माझा अर्ज मात्र "ठेवून जा" म्हणून ट्रेमध्ये टाकलाय, त्यावर आवक नंबरसुद्धा नाही. सोमवारी परत जातेय. नंबर पडल्याशिवाय त्या खिडकीसमोरून हलणार नाही.